बदलीजावयाचे चंद्रपूर

महाराष्ट्रात २००५ साली एक अधिनियम संमत झाला आणि १ जुलै २००६ पासून तो अमलात आला. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध असे दोन विषय त्याच्या लांबलचक नावात शेजारी शेजारी नांदतात. या दोहोंचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न अभ्यासकांना पडू शकतो, परंतु ज्याच्या फायलीवर सही करणारा अधिकारी सहीच्या आदल्या दिवशी बदलून गेला आहे अशा नागरिकाला तो पडत नाही. एका पदावरून, कार्यालयातून किंवा विभागातून दुसऱ्या पदावर, कार्यालयात किंवा विभागात होणारी नेमणूक म्हणजे बदली, अशी व्याख्या हा अधिनियम करतो. एका पदावर राहण्याचा सर्वसाधारण काळ, म्हणजेच पदावधी, तो तीन वर्षांचा ठरवतो आणि बदल्या एरवी एप्रिल किंवा मे महिन्यातच व्हाव्यात असेही सांगतो. व्याख्या काटेकोर आहे. मात्र पद, कार्यालय आणि विभाग या तीनच जागा तिला ठाऊक असून स्वयंपाकघर, माळा, बाल्कनीतली तुळस आणि वर्षानुवर्षे एकाच भाजीवाल्याकडून एकाच प्रकारची फसवणूक करून घेणारा नवरा यांची दखल तिने घेतलेली नाही. कायद्याच्या दृष्टीने पुण्याहून चंद्रपूरला एक व्यक्ती जाते. प्रत्यक्षात एक ट्रक जातो.

या ट्रकाबरोबर जी दुसरी व्यक्ती जाते, जिच्या नावे आदेश निघत नाही, जिला रुजू अहवाल द्यावा लागत नाही आणि प्रवासभत्त्याच्या देयकात जिचे अस्तित्व ‘कुटुंबीय’ या सदरातच आटोपते, तिला प्रस्तुत लेखापुरते ‘अनुगामी जोडीदार’ म्हणता येईल. अनुगमनाच्या दोन पद्धती परंपरेला मान्य आहेत. पहिली सीता-पद्धती, जीत जोडीदार सोबत जातो. दुसरी ऊर्मिला-पद्धती, जीत तो मूळ गावी राहून वडीलधारी माणसे, गृहकर्जाचे हप्ते आणि दहावीतले अपत्य सांभाळतो. यांपैकी कोणती पद्धती स्वीकारायची हे आजच्या मध्यमवर्गीय घरात परस्परांवरील प्रेमापेक्षा अपत्याच्या इयत्तेवरून ठरते: अपत्य पाचवीत असेल तर सीता आणि नववी ओलांडलेले असेल तर ऊर्मिला. परंतु जिथे अधिकारी पत्नी आहे आणि पती ‘माझं काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस’ या एका बेसावध उद्गारामुळे तिच्या मागोमाग निघाला आहे, तिथे अनुकरणासाठी रामायण उपयोगी पडत नाही. अशा पतीला सर्वांत जवळचा पूर्वज म्हणजे घरजावई. पण घरजावयाला गाऱ्हाणे सांगण्यापुरता का होईना, एक सासरा उपलब्ध असतो. या नव्या प्रकाराला ‘बदलीजावई’ असे नाव द्यावे लागेल, कारण त्याचे सासर म्हणजे एक अख्खा जिल्हा असतो आणि त्या सासरी त्याला पाहायला कोणी आलेले नसते.

चंद्रपूर हे पुण्यापासून रस्त्याने सुमारे साडेसातशे किलोमीटरांवर असून हैदराबाद त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे, ही गोष्ट बदलीचा आदेश निघेपर्यंत पुण्यातील बहुतेक घरांत अज्ञात असते. आदेशानंतर मात्र नातेवाइकांकडून माहितीचा ओघ सुरू होतो आणि तिचे स्वरूप अभ्यासण्याजोगे असते. जिल्ह्यात वाघ आहेत, ऊन आहे आणि दारू मिळत नाही, अशा तीन सूत्रांत ही माहिती मावते. त्यांपैकी तिसरे सूत्र कालबाह्य आहे, कारण १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली जिल्ह्यातील दारूबंदी २०२१ मध्ये उठली. तरीही निरोपाच्या भेटीला येणारे मित्र बदलीजावयाच्या खांद्यावर हात ठेवून ज्या स्वरात बोलतात, तो स्वर सांत्वनाचाच असतो. गडचिरोली हा १९८२ पासून स्वतंत्र जिल्हा असला तरी या मंडळींच्या मनात ते विभाजन अजून झालेले नाही. शिवाय बाबा आमटे यांचे आनंदवन याच जिल्ह्यात वरोऱ्याला असल्याने, तिकडे राहायला जाणारे प्रत्येक कुटुंब काही प्रमाणात समाजसेवेसाठीच जात आहे असा समज पसरतो. मामेसासूबाई ‘तुमचं खरंच कौतुक आहे’ असे म्हणतात, तेव्हा साहाय्यक संचालक पदाच्या नियमित नेमणुकीत आणि कुष्ठरोग्यांच्या सेवेत काही फरक असतो, हे सांगण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. आणि खरे पाहता, आयुष्यात एकदाच मिळणारे कौतुक तांत्रिक कारणावरून परत करू नये हेही खरेच.

स्थलांतरित कुटुंबाच्या अर्थशास्त्राचा पाया ‘तात्पुरते’ या कल्पनेवर उभा असतो. तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे, या गृहीतकावरून निष्कर्षांची एक साखळी निघते: जेवणाचे टेबल न्यायला नको, प्लास्टिकच्या चार खुर्च्या पुरे, पडद्यांऐवजी जुन्या चादरी चालतील, भिंतीवर काही लावायचे नाही, आणि ‘काचसामान’, ‘पुस्तके’, ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी लावलेली खोकी उघडायचीच नाहीत, कारण पुन्हा बांधावी लागतील. परिणामी बैठकीच्या खोलीत एका भिंतीशी खोक्यांची दुसरी भिंत उभी राहते, तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात आणि पहिल्या दिवाळीपर्यंत ती घराच्या बांधकामाचाच भाग समजली जाऊ लागते. ‘किरकोळ’ या खोक्यात नेमके काय आहे यावर कुटुंबात मतभेद असतात. हरवलेली प्रत्येक वस्तू त्यातच असणार याबद्दल मात्र एकमत असते.

घराचा करारही याच कल्पनेला धरून होतो. भाड्याच्या घरासाठी आपल्याकडे जो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार केला जातो, ज्यात घराचा ताबा न देता केवळ वापरण्याची परवानगी दिली जाते, तो अकरा महिन्यांचा असावा अशी रूढी आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, या १९०८ च्या नोंदणी अधिनियमातील तरतुदीला बगल देण्यासाठी देशभर अकरा हा आकडा रुजला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मात्र या राज्यात असा करार कितीही मुदतीचा असला तरी नोंदवणे बंधनकारक आहे, त्यामुळे अकरा महिन्यांमागचे मूळ कारण इथे उरलेले नाही. कारण गेले तरी रूढी राहते. हे शास्त्र मान्य केले की पुढचे गणित उद्भवते: पदावधी छत्तीस महिन्यांचा, करार अकरा महिन्यांचा; तीन करार संपल्यावर तीन महिने शिल्लक उरतात आणि त्या तीन महिन्यांसाठी घरमालक पुन्हा अकरा महिन्यांचाच कागद पुढे करतात. शासनाने पदावधी तेहेतीस महिन्यांचा केल्यास हा प्रश्न मिटेल, अशी सूचना एखाद्या बदलीजावयाने अद्याप केली नसेल तर ते आश्चर्य म्हणावे लागेल, कारण असा विचार करण्यास लागणारा वेळ त्याच्याकडेच असतो.

मात्र ‘तात्पुरते’ या सिद्धान्ताचा पहिला पराभव करारामुळे होत नाही. तो कूलरमुळे होतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपलीकडेही जातो आणि देशातील सर्वांत उष्ण शहरांच्या बातमीत या शहराचे नाव येणे ही तिथे बातमी राहिलेली नाही. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकासाठी इथे कूलरची रचना सांगणे आवश्यक आहे. पत्र्याची किंवा फायबरची एक मोठी पेटी, तिच्या तीन बाजूंना लाकडाच्या तासलेल्या पातळ पट्ट्यांची अथवा वाळ्याची ताटी, तळाशी पाण्याची टाकी, ते पाणी ताट्यांवर सोडणारा छोटा पंप आणि आत खोलीच्या दिशेने वारा फेकणारा पंखा, असे हे यंत्र असते; बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत येताना पाण्याची वाफ होते, त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते आणि हवा थंड होते. यासाठी कूलर खिडकीत, घराबाहेर लोखंडी स्टँडवर बसवावा लागतो आणि त्या खिडकीला मार्चपासून जूनपर्यंत दृश्य या अर्थाने कुटुंब मुकते. म्हणूनच घर दाखवताना पुण्याचा घरमालक पार्किंग कुठे आहे ते सांगतो, तर चंद्रपूरचा घरमालक ‘कूलर कोणत्या खिडकीत लावाल जी?’ असे विचारतो. बदलीजावई पावसाळ्यात घर पाहतो, बाहेर सुखद गारवा असतो, आणि तो आत्मविश्वासाने उत्तर देतो की पंख्यावर भागेल. घरमालक यावर काही बोलत नाहीत. विदर्भातील सौजन्य पुष्कळदा अशा न बोलण्यात असते.

मार्चअखेरीस दुकानात उभे राहून कूलर घेताना दांपत्यात जी चर्चा होते, ती वस्तुतः कूलरविषयी नसते. लहान घ्यावा तर बेडरूमपुरता, मोठा घ्यावा तर तीन वर्षांनी न्यायचा कसा. आणि न्यायचाच नसेल तर आपण इथले झालो असे होत नाही काय, हा त्या चर्चेचा गाभा असतो. अखेर मोठा घेतला जातो. त्यानंतर रोज टाकी भरणे, दर आठवड्याला साचलेले पाणी उपसणे, ताटीवरचा क्षारांचा थर खरवडणे आणि पंपाचा आवाज बदलला की मध्यरात्री उठून बाहेर जाणे ही कामे अनुगामी जोडीदाराकडे आपोआप येतात, कारण अधिकारी जोडीदाराला सकाळी बैठक असते. एप्रिलमध्ये खिशात कांदा घेऊन हिंडणाऱ्या शेजाऱ्याला पाहून बदलीजावई हसतो. कांदा जवळ असला की ऊन बाधत नाही, ही समजूत शास्त्राला धरून नाही हे तो सोदाहरण पटवूनही देतो. मे महिन्यात तो स्वतःच कांदा निवडताना दिसतो. निकष फक्त एवढाच की तो पँटच्या खिशातून फुगीर दिसता कामा नये.

अपत्याचा विषय इथे थोडक्यात आटोपता येतो, कारण त्याला काहीच अडचण येत नाही. उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, हे कळताच त्याने चंद्रपूर मनोमन स्वीकारलेले असते आणि पावसाळा संपेपर्यंत ते आजीला फोनवर ‘मी जेवून राहिलो ना’ असे सांगू लागते. आजी काही क्षण नातवाला फोन द्या म्हणत राहते.

खरी अडचण पतीची असते. कार्यालयातील शिपाई, गाडीचे चालक, दूधवाले आणि गॅसची टाकी आणून देणारे या सर्वांच्या दृष्टीने तो ‘मॅडमचे मिस्टर’ असतो, म्हणजे ज्याच्याकडे निरोप द्यावा पण निर्णय मागू नये अशी व्यक्ती. दुधाचा रतीब अर्धा लिटर वाढवायचा की नाही यावर त्याने दिलेले उत्तर ऐकून घेतल्यावर ‘मॅडमले विचारून ठेवजा’ अशी पुष्टी जोडली जाते. शेजारच्या काकू मायाळू असतात, परंतु कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता धडधाकट पुरुष घरात दिसणे ही घटना त्यांच्या अनुभवविश्वात केवळ आजारपणाने, संपाने किंवा निलंबनाने घडते. त्यामुळे ‘आज सुट्टी आहे का जी?’ हा प्रश्न त्या रोज, तितक्याच ताज्या काळजीने विचारतात. लॅपटॉपवरून काम चालते हे सांगून झाल्यावर त्या समजुतीने मान हलवतात आणि दुपारी वाटीभर पातोडीची रस्साभाजी पाठवतात, जिचा तिखटपणा पाहता ती सहानुभूती होती की शिक्षा, हे ठरवणे अवघड असते. पोह्यांवर ओले खोबरे असावे या श्रद्धेत वाढलेल्या माणसाला त्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतलेली पाहून जो धक्का बसतो तोही याच सदरात नोंदवावा. तो धक्का साधारण दुसऱ्या प्लेटपर्यंत टिकतो.

पण याच माणसाला कालांतराने शहर सापडते आणि अधिकारी जोडीदाराला ते सापडत नाही, हे या विषयातील सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे. शासकीय कार्यालय सर्वत्र सारखेच असते: तेच हिरवे टेबलक्लॉथ, तीच मागच्या खुर्चीवरची टर्किश टॉवेलची घडी, तोच ‘सादर’ आणि ‘मान्यतेस्तव’. पुण्याहून निघालेली अधिकारी चंद्रपूरच्या कार्यालयात पोहोचते म्हणजे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोहोचते आणि कायद्याची ती व्याख्या, जिला आरंभी अपुरी म्हटले गेले, तिच्यापुरती पूर्ण खरी ठरते. नवीन गावात राहायला जातो तो तिचा नवराच. त्याला दिवा दुरुस्त करणारा शोधावा लागतो, पोपटाच्या शेंगा सोलायला शिकाव्या लागतात, दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत करडा का होतो याचा शोध घ्यावा लागतो. आणि तो घेता घेता त्याला कळते की शहराभोवती कोळशाच्या खाणी आहेत, उशाशी २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे, आणि पुण्याच्या घरात तो जी वीज बटण दाबले की येते असे समजत होता, तिच्या निर्मितीची राख कोणाच्या तरी सदऱ्यावर पडत होती.

पत्ते शोधण्यातून त्याचे पुढील शिक्षण होते. जुने चंद्रपूर गोंड राजांनी बांधलेल्या सुमारे अकरा किलोमीटर लांबीच्या परकोटात, म्हणजे नगराभोवतीच्या तटबंदीत, वसलेले आहे. या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे असून त्यांशिवाय ‘खिडकी’ म्हणून ओळखली जाणारी पाच लहान द्वारे आहेत. त्यामुळे सुतार विठोबा खिडकीत राहतो, शिंपी बगड खिडकीत आणि गणिताचे शिकवणीवाले सर हनुमान खिडकीपाशी, अशी वाक्ये तिथे कोणालाही हसू न येता उच्चारली जातात. चोर खिडकी आणि मसाण खिडकी अशीही दोन नावे आहेत. शिकवणीचे सर निवडताना पालक त्यांचा विचार शक्यतो करत नसावेत. शहराची बरीच वाहतूक आजही जटपुरा दरवाजाशी येऊन अडते. हत्ती जाण्याइतकी उंच कमान बांधणाऱ्यांनी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी शिरू पाहणाऱ्या ऑटोरिक्षांचा विचार केला नव्हता, आणि तो दोष त्यांना देता येत नाही.

या नगराच्या स्थापनेची जी दंतकथा सांगितली जाते, ती तर अनुगमनाच्या शास्त्रात मूलभूत मानायला हवी. खांडक्या बल्लाळशाह हा गोंड राजा अंगावरच्या फोडांनी त्रस्त होता. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या पात्रातील पाण्याने त्याची व्याधी बरी झाली. पुढे त्याच परिसरात त्याला एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राजाला त्याचे केवळ नवल वाटले. ही शुभ खूण आहे, इथेच नगर वसवावे आणि पाठलागाच्या वाटेवरून तट बांधावा, असे सांगितले ते राणीने. म्हणजे राजधानी बल्लारपुराहून हलली ती आदेशाने नव्हे, जोडीदाराच्या आग्रहाने. आणि ज्या शहरात अनुगामी जोडीदार स्वतःला उपरा समजत हिंडतो, त्या शहराची हद्दच मुळी अशाच एका जोडीदाराने आखलेली आहे. ससा कुत्र्यामागे लागणे हे शुभ लक्षण कसे, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या घरात निर्णय कोण घेते हे ठरलेले आहे त्याला विचारावे लागत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी राणी हिराईने पती बीरशाहच्या स्मरणार्थ उभारलेली भव्य समाधी अंचलेश्वर मंदिराजवळ आजही आहे. बदलीजावई ती बारकाईने पाहतो आणि संध्याकाळी कार्यालयातून परतलेल्या पत्नीला तिच्याविषयी सविस्तर सांगतो; पत्नी ऐकता ऐकता दोन ई-मेलना उत्तर देते.

पाहुण्यांचे प्रकरण मात्र टाळता येण्याजोगे नाही. पुण्यातल्या पुण्यात कोथरूडहून हडपसरला कधी न आलेले नातेवाईक चंद्रपूरला आवर्जून येतात, आणि येण्यापूर्वी एकच चौकशी करतात, ती यजमानांच्या प्रकृतीची नसते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. मोहर्ली प्रवेशद्वार शहरापासून फार दूर नाही. परंतु सफारीचे आरक्षण आगाऊ करावे लागते, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते आणि दर मंगळवारी साप्ताहिक सुट्टी असते, या तीन गोष्टी सांगूनही पाहुणे सोमवारी रात्री उतरतात. मंगळवार त्यांना परकोट दाखवण्यात जातो. बुधवारी पहाटे वाघ दिसला तर श्रेय त्यांच्या नशिबाचे असते, न दिसल्यास यजमानाने चुकीचे प्रवेशद्वार निवडलेले असते. औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीच्या परिसरात बिबटे आणि वाघ फिरकत असल्याने तिथल्या रहिवाशांना प्राणी न दिसण्यातच समाधान वाटते, हे ऐकून पाहुणे हळहळतात आणि तिथे राहण्याची काही सोय होईल का, असे विचारतात.

तिसऱ्या वर्षाचा उन्हाळा येईपर्यंत परिस्थिती पालटलेली असते. खोकी उघडली गेलेली असतात; ‘किरकोळ’मध्ये पुण्यातल्या गॅस एजन्सीच्या पावत्या आणि एकच कानातले निघालेले असते. परकोटाची स्वच्छता करणाऱ्या आणि रविवारी तो दाखवत फिरवणाऱ्या स्थानिक मंडळींबरोबर बदलीजावई नियमित हिंडू लागलेला असतो, नव्या माणसाला पाचही खिडक्यांची नावे क्रमाने सांगतो, आणि काकूंच्या पातोडीत तिखट कमी पडले असे एकदा बोलूनही गेलेला असतो. नेमका तेव्हा, एप्रिल किंवा मे महिन्यात, कायद्याला अपेक्षित असल्याप्रमाणे आदेश निघतो. समजा, तो रत्नागिरीचा आहे. समुद्राकाठच्या हवेत पाणी आधीच भरलेले असल्याने तिथे कूलर चालत नाही, केवळ खोली ओली करतो, हे आता त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तेव्हा कूलर विकायला काढला जातो आणि तो पाहायला जो येतो तोही, नियमाला धरून, नुकत्याच रुजू झालेल्या अधिकारी महिलेचा पती असतो. नाशिकहून आलेला, घामाने निथळलेला आणि तीन वर्षांचाच प्रश्न असल्याने विकत घेण्याऐवजी भाड्याने मिळेल का, अशी विचारणा करणारा. जुना बदलीजावई त्यावर काही बोलत नाही. तो पंप सुरू करून दाखवतो, ताटीवरून हात फिरवतो, स्टँडची किंमत वेगळी असल्याचे सांगतो आणि मग विचारतो, ‘कोणत्या खिडकीत लावाल जी?’